यंत्राची भाष्यकार : लेडी अ‍ॅडा लव्हलेस

संस्कृताचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस मल्लिनाथाचे नाव नवे नाही. रघुवंश हाती घ्यावे, एखाद्या श्लोकापाशी मती कुंठित व्हावी आणि पानाच्या खालच्या अंगास मल्लिनाथ साह्यास उभा असावा, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. काव्य कालिदासाचे खरे. परंतु ते आपणांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय टीकाकाराचेही आहे. ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका रचिली नसती, तर संस्कृत न जाणणाऱ्या महाराष्ट्रीय जनांस गीतेचे मर्म कोणी उलगडून दाखविले असते? मूळ कृती निर्माण करणारा श्रेष्ठ, ह्यात संशय नाही. तथापि ती समजावून देणाऱ्याचे कार्य हलके समजणे ही मोठी चूक होय.

ग्रंथास जसा टीकाकार लागतो, तसा यंत्रासही लागतो. आजच्या युगातील संगणकाचेच उदाहरण घ्या. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, ह्याविषयीच्या आज्ञांच्या लेखास प्रोग्रॅम म्हणतात. मोठा प्रोग्रॅम एका माणसाच्या हातचा नसतो. शेकडो फाइली, त्या ठेवण्यासाठी अनेक फोल्डर, फोल्डरांच्या पोटात आणखी फोल्डर, असा त्याचा पसारा असतो. लिहिणारा एके दिवशी दुसऱ्या कामावर निघून जातो आणि त्याच्या जागी नवखा मनुष्य येतो. कोणत्या फोल्डरात काय आहे, अमुक आज्ञा कशासाठी लिहिली आहे, हे त्यास कोणी सांगावे? ह्यासाठी आज्ञांच्या शेजारीच टिपणे लिहून ठेवण्याची आणि ती सर्व एकत्र करून त्यांचा ग्रंथ सिद्ध करण्याची विद्या आज रूढ झाली आहे. ह्या विद्येचे मूळ शोधीत मागे गेल्यास आपण एका इंग्रज विदुषीपाशी जाऊन पोहोचतो. ती १८५२ साली निवर्तली. ज्या यंत्रावर तिने भाष्य लिहिले, ते यंत्र तिच्या हयातीत तयार झाले नाही व पुढेही झाले नाही. तिचे भाष्य मात्र आजही वाचले जाते. त्या विदुषीचे, लेडी अ‍ॅडा लव्हलेस ह्यांचे, चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

अ‍ॅडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे झाला. पिता म्हणजे इंग्लंडचे सुप्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. माता अ‍ॅनाबेला ही गणिताची आवड असलेली, करारी व शिस्तप्रिय स्त्री होती. उभयतांचे पटले नाही. मूल एक महिन्याचे होते न होते तोच माता त्यास घेऊन माहेरी निघून गेली. एप्रिल १८१६ मध्ये बायरन ह्यांनी जो इंग्लंडचा किनारा सोडला, तो पुन्हा पाहिला नाही. ग्रीक लोकांच्या स्वातंत्र्ययुद्धास साह्य करण्यासाठी ते ग्रीस देशी गेले आणि तेथेच १८२४ साली मरण पावले. अ‍ॅडा तेव्हा आठ वर्षांची होती. कळत्या वयात पित्याचे मुखदर्शन तिला कधी घडलेच नाही.

पित्याचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये, ही मातेस मोठी धास्ती होती. त्यावर तिने उपाय योजिला तो गणिताचा. काव्याच्या लाटेवर मन वाहून जाते, तर अंकगणित व भूमिती त्यास खुंटीला बांधून ठेवितात, अशी तिची समजूत होती. त्या काळी मुलींस गणित शिकविण्याची चाल इंग्लंडात नव्हती; मातेने मात्र घरी शिक्षक ठेवून मुलीस शिकविले. पण कल्पनाशक्ती का अशी बांधून राहते? बाराव्या वर्षी ह्या मुलीने उडण्याचे यंत्र करण्याचा ध्यास घेतला. पक्ष्यांच्या शरीररचनेचा तिने अभ्यास केला, पंखांचे माप देहाशी कोणत्या प्रमाणात असावे ह्याचा विचार केला, आणि आपल्या ह्या शास्त्राला एक नवे नावही देऊन टाकिले. यंत्र झाले नाही. परंतु मुलीच्या बुद्धीचे वळण त्यातून दिसून आले. जे मनात उभे राहिले ते मापात व शब्दांत उतरविल्याखेरीज तिला चैन पडत नसे.

१८२९ साली तिला गोवर निघाला आणि त्या दुखण्यात पायांची शक्ती गेली. कित्येक महिने ती अंथरुणास खिळून होती. पुढेही बराच काळ कुबड्यांचा आधार घ्यावा लागला. ह्या अवस्थेतही तिचा अभ्यास चालूच राहिला. पुढे तिला मेरी सॉमरव्हिल ह्या थोर विदुषीचा सहवास लाभला. लाप्लास ह्या फ्रेंच ज्योतिर्गणितज्ञाचा दुर्बोध ग्रंथ मेरीबाईंनी इंग्रजीत आणून, जागोजागी स्पष्टीकरणे घालून, १८३१ साली प्रसिद्ध केला होता. दुसऱ्याचे गहन शास्त्र सुबोध करून सांगणे हेही विद्वत्तेचे काम आहे, ह्याचा धडा अ‍ॅडापुढे असा मूर्तिमंत उभा होता.

जून १८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, अ‍ॅडाची चार्ल्स बॅबेज ह्यांच्याशी भेट झाली. बॅबेज हे गणिती व यंत्रशास्त्रज्ञ. त्या काळी नौकानयनास व ज्योतिषास लागणारी गणिताची कोष्टके माणसे हाताने करीत आणि त्यांत पुष्कळ चुका राहत. ही कोष्टके चाकांच्या साह्याने, चूक न होता, आपोआप व्हावीत, म्हणून बॅबेज ह्यांनी एक गणकयंत्र योजिले होते. सरकारने त्यावर पुढे सतरा हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची घातली, तरी यंत्र पुरे झाले नाही. १८३२ साली जुळविलेला त्याचा एक भाग तेवढा बॅबेज ह्यांच्या दिवाणखान्यात ठेविलेला असे आणि लंडनचे प्रतिष्ठित लोक तो पाहावयास येत. बहुतेकांस ते एक खेळणे वाटे. अ‍ॅडा मातेसह गेली, तिने चाके फिरताना पाहिली, आणि ती कशी चालतात हे समजून घेण्याचा तिला छंद लागला.

१८३५ साली विल्यम किंग ह्या सरदारांशी तिचा विवाह झाला. १८३८ साली पतीस लव्हलेसचे अर्ल ही पदवी मिळाली, तेव्हापासून ती लेडी लव्हलेस ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. दोन पुत्र व एक कन्या अशी तीन अपत्ये झाली. संसार मोठा, घरे अनेक, प्रकृती नाजूक. इतके असूनही १८४० साली लेडी लव्हलेस ह्यांनी ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांजपाशी उच्च गणिताचे अध्ययन आरंभिले. हे डी मॉर्गन मोठे तर्कशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म आपल्याच देशात, मदुराई येथे झाला होता. दिल्लीचे गणिती रामचंद्र ह्यांचा ग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तो ह्यांच्याच खटपटीने. गुरुशिष्येचे हे अध्यापन बहुतांशी पत्रांतून चाले. ती पत्रे आज उपलब्ध आहेत. एखादी पायरी समजली नाही, तर समजल्याचे सोंग न करता अ‍ॅडाबाई पुन्हा पुन्हा विचारीत. पदवीने मोठे झालेल्या माणसास असे विचारावयास किती धैर्य लागते, हे वर्गात हात वर करण्यास संकोचणाऱ्या विद्यार्थ्यांनी ओळखावे.

इकडे बॅबेज ह्यांच्या मनात १८३४ पासून एक अधिक मोठे यंत्र आकार घेत होते. त्यास त्यांनी विश्लेषक यंत्र असे नाव दिले. पहिले यंत्र एकाच प्रकारचे गणित करणारे. हे नवे यंत्र सांगाल ते गणित करणारे. ह्याचे दोन मुख्य भाग कल्पिले होते. एकात संख्या साठविल्या जात, तो कोठार. दुसऱ्यात त्यांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ह्या क्रिया होत, ती गिरणी. कोणती संख्या केव्हा गिरणीत आणावी व कोणती क्रिया करावी, हे यंत्रास सांगावयाचे ते भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. अशा पुठ्ठ्यांनी रेशमी वस्त्रावर नक्षी विणणारा माग फ्रान्समध्ये जॅकार ह्यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केला होता. तीच युक्ती बॅबेज ह्यांनी गणितास लाविली.

बॅबेज ह्यांनी यंत्राच्या आकृत्या ढिगांनी काढिल्या. कोणते चाक कोणत्या चाकास केव्हा हलविते हे दाखविण्यासाठी त्यांनी चिन्हांची एक स्वतंत्र लिपीच रचिली होती आणि १८२६ साली ती प्रसिद्धही केली होती. परंतु ह्या नव्या यंत्राचा उद्देश व उपयोग लोकांस कळेल अशा भाषेत समग्र लिहिण्याचे काम त्यांच्या हातून झाले नाही. आकृत्या कपाटात आणि कल्पना डोक्यात, असा प्रकार झाला. १८४० साली त्यांनी इटलीतील तुरीन येथे विद्वानांपुढे यंत्राचे विवेचन केले. ते ऐकून लुइजी मेनाब्रेआ ह्या तरुण अभियंत्याने फ्रेंच भाषेत एक निबंध लिहिला व तो १८४२ साली जिनीव्हा येथील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हेच मेनाब्रेआ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. लेडी लव्हलेस ह्यांनी ह्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर केले. ते पाहून बॅबेज ह्यांनी, आपणच स्वतंत्र लेख का लिहिला नाही, असे विचारले, आणि निदान भाषांतरास टिपणे तरी जोडावीत असे सुचविले.

१८४३ चा उन्हाळा ह्या टिपणांत गेला. मूळ निबंधाच्या सुमारे तिप्पट मजकूर तयार झाला. एकंदर टिपणे सात. प्रत्येकास रोमन वर्णमालेतील एकेक अक्षर दिलेले. निबंधाच्या कोणत्या वाक्याशी कोणते टिपण वाचावे हे त्या अक्षराने दाखविलेले, आणि एका टिपणातून दुसऱ्या टिपणाकडे बोट दाखविणारे निर्देशही ठिकठिकाणी घातलेले. लेखिका व बॅबेज ह्यांच्यामध्ये पत्रांची नुसती झोड उठली होती. बॅबेज कधी कागद गहाळ करीत, कधी विचारल्यावाचून मजकुरात फेरफार करीत, आणि अ‍ॅडाबाई त्यांस खरमरीत शब्दांत समज देत. कोणता मजकूर शेवटचा, ही त्यांची चिंता होती. अनेक हातांतून जाणाऱ्या लेखनाची ही अडचण आज प्रत्येक प्रोग्रॅमकारास ठाऊक आहे.

ह्या सात टिपणांत शेवटचे टिपण सर्वांत प्रसिद्ध आहे. याकोब बर्नुली ह्या स्विस गणित्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची एक मालिका आहे. तिच्यातील पदे काढणे हे मोठे किचकट काम. ते काम यंत्राकडून कसे करवून घ्यावे, हे दाखविण्यासाठी लेखिकेने एक विस्तीर्ण कोष्टक तयार केले. त्यात क्रियांच्या पंचवीस ओळी आहेत. १३ ते २३ ह्या क्रिया यंत्राने पुन्हा पुन्हा कराव्यात अशी योजना आहे. कोष्टक प्रथम पेन्सिलीने काढिले होते. लॉर्ड लव्हलेस ह्यांनी बसून त्यावर शाई फिरविली. त्या मानी सरदारांचे हे चित्र मनास मोठे गोड वाटते.

आता ह्या कोष्टकाची रचना वाचकांनी लक्षपूर्वक पाहावी. आरंभी क्रियेचा अनुक्रमांक. मग क्रिया कोणती ते. त्यानंतर क्रिया कोणत्या स्तंभांतील संख्यांवर करावयाची, उत्तर कोणत्या स्तंभात ठेवावयाचे, आणि त्यायोगे कोणत्या स्तंभातील संख्या बदलते, ह्यांची नोंद. इतके झाले की यंत्रापुरते काम संपले. पण लेखिकेने ह्यांच्या पुढे आणखी एक रकाना घातला : ह्या क्रियेने काय फल निष्पन्न झाले पाहिजे, ते बीजगणिताच्या भाषेत सांगणारा. हा रकाना यंत्रास नको होता. तो होता वाचणाऱ्या माणसासाठी.

ह्या रकान्याचे मोल कोष्टकाच्या चौथ्याच ओळीत प्रत्ययास येते. उदाहरण सोपे करून सांगतो. इष्ट संख्या ४ मानल्यास, तिच्या दुपटीत एक उणा करून आलेले ७ चौथ्या स्तंभात असतात, आणि दुपटीत एक मिळवून आलेले ९ पाचव्या स्तंभात. गणितास हवा असलेला भागाकार आहे सात-नवमांश. म्हणजे चौथ्या स्तंभास पाचव्याने भागावयास हवे. छापील कोष्टकात मात्र उलट लिहिले आहे : पाचव्यास चौथ्याने भागावे. यंत्र असते आणि त्याने ही आज्ञा पाळली असती, तर नऊ-सप्तमांश हे उत्तर येऊन पुढचे सगळेच गणित बिघडले असते. पण त्याच ओळीच्या फलाच्या रकान्यात योग्य अपूर्णांक लिहिलेला आहे. आज्ञा चुकली, उद्देश अचूक राहिला. दोन्ही एका ओळीत शेजारी शेजारी असल्यामुळे पुढील काळच्या वाचकांस चूक कोठे आहे व ती कशी दुरुस्त करावी, हे दोन्ही कळले. टिपण नसते, तर केवळ चुकीची आज्ञा उरली असती.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बॅबेज ह्यांनी १८६४ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात ते सांगतात की, ह्या संख्यांचे बीजगणित लेडी लव्हलेस ह्यांचे श्रम वाचावेत म्हणून आपण स्वतः करून दिले होते, परंतु आपल्या हातून झालेली एक गंभीर चूक त्यांनी शोधून ते परत पाठविले. बीजगणितात बॅबेज ह्यांचा वाटा होता, त्यापूर्वीही त्यांनी ह्या यंत्रासाठी क्रियांच्या काही मालिका लिहून ठेविल्या होत्या, आणि म्हणून पहिल्या प्रोग्रॅमचा मान कोणास द्यावा ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. तो वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. यंत्र काय करील, कसे करील आणि काय करू शकणार नाही, हे जगास समजेल अशा रीतीने लिहून ठेविले ते ह्या बाईंनीच. गुरुतुल्य माणसाची चूक दाखविणारी ही दृष्टी, आणि तरीही स्वतःच्या कोष्टकात राहून गेलेली ती एक उलटापालट, ह्यांवरून मनुष्याच्या सावधपणाची सीमा कोठे असते हेही ध्यानात यावे.

हा लेख १८४३ साली लंडनच्या एका शास्त्रीय ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. लेखिकेच्या नावाच्या जागी तीन आद्याक्षरे तेवढी होती. प्रसिद्धीपूर्वी एक कसोटीचा प्रसंग आला. सरकारने यंत्राचा आश्रय काढून घेतल्यामुळे बॅबेज संतापले होते आणि सरकारवर टीका करणारे एक निनावी निवेदन ह्या लेखासोबत छापावे असा त्यांचा आग्रह होता. लेडी लव्हलेस ह्यांनी त्यास ठाम नकार दिला. शास्त्राच्या स्पष्टीकरणात वैयक्तिक गाऱ्हाणे मिसळू नये, हा विवेक वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी राखिला. ह्यावरून काही काळ खटका उडाला, तरी मैत्री टिकली.

ह्या टिपणांत दोन विचार असे आहेत की त्यांची आठवण आजही काढली जाते. पहिला असा की, ज्या कोणत्या वस्तूंचे परस्परसंबंध नियमांनी मांडता येतील, त्या वस्तूंवर हे यंत्र काम करू शकेल. स्वरांचे नियम मांडून दिल्यास ते संगीतही रचील. यंत्र म्हणजे केवळ आकडेमोड, ह्या समजुतीच्या पलीकडे त्या काळी फार थोड्यांची दृष्टी गेली होती. दुसरा विचार संयमाचा. यंत्र स्वतः होऊन काही नवे निर्माण करीत नाही. जे करावयास सांगण्याची रीत आपणांस ठाऊक आहे, तेच ते करते. १९५० साली अ‍ॅलन ट्यूरिंग ह्या गणितज्ञांनी यंत्रे विचार करू शकतील काय, ह्या प्रश्नावर लिहिताना लेडी लव्हलेस ह्यांच्या ह्या मताचा नामनिर्देश करून परामर्श घेतला.

पुढील आयुष्य सुखाचे गेले नाही. चरित्रलेखकाने दोष झाकू नयेत, म्हणून सांगावयाचे की, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या व्यसनात त्या सापडल्या, कर्जबाजारी झाल्या, आणि घराण्याचे जडजवाहीर गहाण पडण्यापर्यंत पाळी आली. गणितावर ज्यांचा एवढा अधिकार, त्यांनाही जुगाराने फसविले. ह्याच सुमारास कर्करोगाने त्यांस ग्रासिले. असह्य वेदना सोसून २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी इहलोक सोडला. बायरन ह्यांचा मृत्यूही छत्तिसाव्या वर्षीच झाला होता. नॉटिंगहॅमशायरमधील हकनॉल येथील चर्चमध्ये, ज्या पित्यास त्यांनी कधी ओळखिले नाही, त्याच्या शेजारी त्यांस चिरविश्रांती मिळाली. बॅबेज १८७१ साली वारले. विश्लेषक यंत्र कागदावरच राहिले. तथापि जेव्हा विसाव्या शतकात खरोखरीची गणकयंत्रे निर्माण झाली, तेव्हा विद्वानांनी ही जुनी टिपणे शोधून काढिली. १९५३ साली ती एका ग्रंथात पुन्हा छापली गेली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या प्रोग्रॅमभाषेस अ‍ॅडा हे नाव दिले, आणि तिच्या नियमग्रंथास क्रमांक दिला तो १८१५, हा त्यांच्या जन्माचा सन.

आता आरंभी सांगितलेल्या फोल्डरांच्या पसाऱ्याकडे वळू. अ‍ॅडाबाईंनी एका कोष्टकात फलाचा जो रकाना घातला, तो आज हजारो फाइलींत विखुरलेला असतो. प्रोग्रॅमकार आज्ञांचा एकेक गट लिहितो आणि त्याच्या माथ्यावर ठराविक चिन्ह करून टिपण लिहितो : हा गट काय घेतो, काय परत देतो, कशासाठी आहे, कोठे अडण्याचा संभव आहे. संगणक आज्ञा पाळताना ह्या टिपणांकडे पाहतही नाही. ती गोळा करण्यासाठी वेगळी साधने आहेत : जावा भाषेबरोबर आलेले जावाडॉक, १९९७ पासूनचे डॉक्सिजेन, २००८ पासूनचे स्फिंक्स. मुख्य फोल्डर दाखवून दिला की असे साधन फाइलीमागून फाइल वाचते, आज्ञागटांची नावे टिपते, त्यांच्या माथ्यावरची टिपणे उचलते, आणि अनुक्रमणिकेसह, एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या निर्देशांसह, सर्व प्रकल्पाचा एक ग्रंथ सिद्ध करते. जे निर्देश १८४३ साली एका बाईने आपल्या हाताने घातले, ते आता क्षणात हजारांनी घातले जातात. आज्ञा बदलल्या की साधन पुन्हा चालवावयाचे. म्हणजे कोणती प्रत शेवटची, हा अ‍ॅडाबाईंना छळणारा प्रश्न बराचसा मिटतो.

तथापि येथेही सांगण्याची रीत ठाऊक असावी लागते. डॉक्सिजेनला पोटफोल्डरांत उतरण्याची स्पष्ट आज्ञा दिली नाही, तर ते वरच्या फोल्डरातील फाइली वाचून थांबते, आणि अर्धा प्रकल्प ग्रंथाबाहेर राहतो. दुसऱ्यांकडून उसने आणलेले फोल्डर वगळण्यास सांगितले नाही, तर आपली दहा पाने परक्यांच्या हजार पानांत बुडून जातात. आणि जेथे टिपणच लिहिलेले नाही, तेथे साधन काय करणार? ते नाव छापते, घेण्यादेण्याची यादी छापते, फार तर येथे टिपण नाही अशी सूचना देते. घर आहे, दारावर पाटी आहे, आत माणूस नाही, अशी त्या पानाची अवस्था होते.

अलीकडे तर आज्ञा वाचून टिपणही आपणच लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने निघाली आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे, ह्यात शंका नाही. पण त्या चौथ्या ओळीचा विचार करा. फलाचा रकाना कोरा ठेवून ती एकच ओळ अशा साधनापुढे ठेविली, तर ते काय लिहील? पाचव्या स्तंभास चौथ्याने भागिले, असेच लिहील. वर्णन बिनचूक, आणि चूक जशीच्या तशी! लिहिले काय आहे, एवढे त्या ओळीवरून सांगता येते. लिहावयाचे काय होते, हे ज्याच्या मनात होते त्यानेच सांगितले पाहिजे. गोळा करणे, जुळविणे, छापणे ही कामे यंत्राकडे खुशाल सोपवावीत. हेतू लिहिण्याचे काम मात्र कर्त्याने आपल्याकडे ठेवावे, आणि ते काम करीत असतानाच करावे. मागाहून लिहू म्हटले की हेतू आपणांसच आठवत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी किती जण पुढे प्रोग्रॅम लिहितील हे सांगता येत नाही. पण वही तर प्रत्येकाजवळ आहे. बीजगणिताचे उदाहरण सोडविताना प्रत्येक पायरीच्या उजव्या अंगास तिचे कारण लिहा, असे गुरुजी सांगतात, तेव्हा तो रकाना तुम्हांस भार वाटतो. उत्तर बरोबर आले म्हणजे झाले, असे मनात येते. परंतु उत्तर चुकेल त्या दिवशी हाच रकाना तुम्हांस चुकीच्या जागी हात धरून नेईल. आणि तुमच्या आईवडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत रकमेपुढे तपशील लिहिलेला असतो, तोही ह्याच कारणासाठी. कारण वही लिहिणारा हात नेहमीच वही वाचावयास जवळ असेल असे नाही.

अ‍ॅडा लव्हलेस ह्यांनी न घडलेल्या यंत्राची टिपणे न जन्मलेल्या वाचकांसाठी लिहिली. वाचक शंभर वर्षांनी आले. त्यांस यंत्र मिळाले नाही, कर्ता मिळाला नाही, लेखिकाही मिळाली नाही. मिळाला तो फलाचा रकाना, आणि तेवढ्यावर त्यांनी सारे ओळखिले. आपण जे काही करू, त्याच्या शेजारी असा एक रकाना आपल्या हाताने भरून ठेवण्याची बुद्धी आम्हां सर्वांस होवो.